मेल पुसले, तरी जागा भरलेलीच

कन्हेरीच्या मारुतीसमोर नारळ फुटला की पवार कुटुंबातल्या उमेदवाराचा प्रचार सुरू झाला, असं बारामती तालुक्यात मानलं जातं. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत घरातलेच दोघं एकमेकांसमोर उभे होते, तेव्हाही दोन्ही बाजूंनी याच मंदिराची वाट धरली. अशा दिवशी मोबाइलच्या कॅमेऱ्यांना उसंत नसते. आता समजा, त्या गर्दीत काढलेला पाच एमबीचा एक फोटो बारामती एमआयडीसीतल्या एखाद्या कचेरीत कुणी वीस सहकाऱ्यांना ई-मेलने पाठवला. कचेरीच्या सर्व्हरवर त्या फोटोने किती जागा खाल्ली? पाच एमबी की शंभर?

सर्व्हर कोणत्या पिढीचा आहे, यावर उत्तर ठरतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरची २००३ची आवृत्ती एका डेटाबेसात अशा फोटोची एकच प्रत ठेवायची आणि वीसही जणांना तीच दाखवायची. २०१०च्या आवृत्तीत ही पद्धत मोडीत निघाली. तोवर डिस्क स्वस्त झाल्या होत्या आणि जागा वाचवण्याच्या या खटाटोपात सर्व्हरचा वेग मार खात होता. त्यामुळे आज त्या फोटोला वीस जणांचे मिळून शंभर एमबी लागतात. पाठवणाऱ्याच्या ‘सेंट’मधली एकविसावी प्रत धरली तर एकशे पाच.

वापरणाऱ्याला आपला मेलबॉक्स स्वतंत्र वाटतो. सर्व्हरवर मात्र कित्येकांचे मेलबॉक्स एकाच भल्या मोठ्या फाइलमध्ये नांदत असतात. ही फाइल म्हणजेच डेटाबेस. ती किती वाढू द्यायची, याला मर्यादा असते. कधी ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने घातलेली असते, कधी डिस्कच्या आकारामुळे आपोआप पडते.

एक्स्चेंज २००३च्या स्टँडर्ड आवृत्तीला ही मर्यादा १६ जीबी होती. आज खिशातल्या मोबाइललाही तेवढं पुरत नाही; तेव्हा मात्र तेवढ्यात अख्ख्या कंपनीचा पत्रव्यवहार बसवायचा असे. फाइल १६ जीबीला टेकली की डेटाबेस बंद पडायचा आणि सगळ्यांचे मेल एकदम थांबायचे. ऑक्टोबर २००५मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ने ही मर्यादा ७५ जीबीपर्यंत नेली. पण त्यात एक मेख होती. हा सर्व्हिस पॅक नुसता बसवला तर मर्यादा १८ जीबीवरच थांबे. पुढचे आकडे हवे असतील तर सर्व्हरच्या रजिस्ट्रीत जाऊन ते हाताने भरावे लागत. फाइलच्या आकाराची तपासणी रोज पहाटे पाचला व्हायची. मर्यादा ओलांडलेली दिसली की आधी इशारा, आणि पुढच्या तपासणीतही तेच दिसलं तर डेटाबेस बंद. इशारे सर्व्हरच्या नोंदवहीत पडून राहत आणि ती वाचायला कुणी नसेल, तर बिघाड थेट कचेरी उघडल्यावरच कळे.

आताच्या आवृत्त्यांत स्टँडर्ड प्रकाराला सुरुवातीलाच १,०२४ जीबीची, म्हणजे एक टीबीची मर्यादा मिळते आणि ती वाढवताही येते. तरीही डेटाबेसची दुसरी प्रत वेगळ्या सर्व्हरवर नसेल, तर फाइल २०० जीबीच्या आतच ठेवा, असं मायक्रोसॉफ्ट सुचवत आली आहे. यामागचं कारण बॅकअपमध्ये आहे. फाइल जितकी मोठी, तितका ती बिघडल्यावर पूर्ववत व्हायला वेळ जास्त.

जागा कमी पडायला लागली की कचेरीत फर्मान निघतं: जुने मेल पुसा. लोक निमूटपणे पुसतात. दुसऱ्या दिवशी पाहावं तर डेटाबेसची फाइल होती तेवढीच! मग ‘काही तरी घोळ आहे’ अशी कुजबुज सुरू होते. घोळ काहीच नसतो.

पहिलं कारण असं की पुसलेला मेल लगेच जात नाही. एक्स्चेंजमध्ये ‘डिलीटेड आयटम्स’मधूनही काढलेला मेल नेहमीच्या मांडणीत आणखी १४ दिवस सांभाळला जातो, आणि नोकरी सोडून गेलेल्याचा काढून टाकलेला मेलबॉक्स ३० दिवस. कुणी चुकून पुसलं तर परत आणता यावं, म्हणून ही सोय. ही मुदत संपल्यावर सर्व्हर स्वतःच साफसफाई करतो आणि तेव्हा कुठे जागा रिकामी होते.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. जागा रिकामी होते ती फाइलच्या आत. माळेगाव कारखान्याच्या गोदामातून साखरेची पोती बाहेर गेली, म्हणून गोदामाच्या भिंती आत सरकत नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेत नवी पोती येऊन बसतात. डेटाबेसचंही तसंच. रिकाम्या झालेल्या पानांवर नवे मेल लिहिले जातात आणि ती भरेपर्यंत फाइल वाढायची थांबते. या आतल्या मोकळ्या जागेचा आकडा एक साधी आज्ञा देऊन पाहता येतो. तोही पुरता खरा नसतो. अर्धवट भरलेल्या पानांतल्या आणि एकेका मेलबॉक्सच्या हिश्शातल्या फटी त्यात मोजल्या जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष मोकळीक दिसते त्यापेक्षा जास्तच असते.

फाइलच आखडायची असेल, तर तसं हत्यार आहे. ते डेटाबेस बंद करून त्यातला कामाचा ऐवज नव्या फाइलमध्ये उतरवतं आणि जुनी टाकून देतं. यात दोन अडचणी. काम चालू असताना मेल बंद राहतात आणि नव्या फाइलसाठी तिच्या आकाराच्या ११० टक्के जागा आधीच मोकळी असावी लागते. म्हणजे जागा संपली म्हणून हा उपाय करायचा, तर आधी जागा हवी! म्हणून हल्ली जाणकार दुसरा मार्ग घेतात. नवा डेटाबेस उघडायचा, मेलबॉक्स एकेक करून तिकडे हलवायचे आणि जुनी फाइल काढून टाकायची. लोकांचं काम या काळात बहुतेक सुरूच राहतं.

घरगुती खात्यांची कथा याहून वेगळी नाही, फक्त डेटाबेस दिसत नाही. जॅक स्मिथ आणि पुण्याच्या बिशप्स शाळेत काही वर्षं शिकलेले सबीर भाटिया यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं. २००४ उजाडलं तरी त्याच्या फुकट खात्यात जागा होती दोन एमबी. त्या वर्षी १ एप्रिलला गुगलने जीमेलसाठी एक जीबी जाहीर केला, तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली. आज फुकट मिळणारे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. मेल मोजकेच असूनही ‘जागा संपली’ असं दिसतं, ते बहुतेक वेळा फोटो आणि व्हिडिओंमुळे.

जोडून पाठवलेली फाइल वाटेत फुगते, हेही फारसं कुणाला ठाऊक नसतं. ई-मेलची मूळ रचना साध्या अक्षरांसाठी झाली. त्यामुळे फोटो किंवा पीडीएफ पाठवताना आधी अक्षरांत बदलावे लागतात आणि त्यात आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. सातबारा, आधार आणि पासबुकाचं स्कॅन मिळून २० एमबी झालं, तर मेलच्या रूपात ते २७ एमबीच्या आसपास जातं. समोरच्या सर्व्हरने २५ एमबीचीच मर्यादा ठेवली असेल, तर मेल परत येतो आणि पाठवणारा बुचकळ्यात पडतो.

म्हणून कचेरीत मेल अडला की कुणाचा अडला, हे आधी पाहावं. एकाच माणसाचा अडला असेल आणि परत आलेल्या मेलवर ५.२.२ हा आकडा असेल, तर त्याचा मेलबॉक्स भरला आहे. त्याने पुसापुशी केली तर उपयोग होईल. सगळ्यांचेच अडले असतील, तर डेटाबेस मर्यादेला टेकला का, ते बघायचं. तिथेही सगळं ठीक दिसलं तर नजर डिस्ककडे वळवायची. एक्स्चेंज प्रत्येक बदल आधी लॉग फाइलमध्ये लिहितो, एकेक फाइल एक एमबीची. नेहमीच्या मांडणीत पूर्ण बॅकअप झाला की जुन्या लॉग पुसल्या जातात. बॅकअप आठवडाभर बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर या छोट्या फाइलींचा ढीग डिस्क भरून टाकतो आणि मेल थांबतात. अशा वेळी लोकांना जुने मेल पुसायला लावलं, तर प्रत्येक पुसण्याचीही लॉगमध्ये नोंद होते आणि ढिगात भरच पडते.

एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्या वापरणाऱ्या कचेऱ्यांपुढे नवी आवृत्ती घ्यायची की मेल भाड्याच्या क्लाउडवर न्यायचे, हा प्रश्न आहे. क्लाउडवाल्याकडे जागेचा अंदाज मागताना फाइलचा आकार जसाच्या तसा सांगू नये. समजा डेटाबेस ३०० जीबीचा आहे आणि त्यात १२० जीबी मोकळे आहेत. तर हलवायचे मेल १८० जीबीच्या आसपासचे आणि हिशोबही तेवढ्याचाच मांडायचा.