दोन गावांमधलं अंतर

मराठी पर्यटकाची इटली बहुतेक वेळा रोम, पिसा, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस या चार नावांत आटोपते. या शहरांतल्या वास्तू घाईतही थक्क करतात, यात शंका नाही. पण तोस्काना प्रांतात, विशेषतः सिएना शहर आणि त्याच्या दक्षिणेला पसरलेलं ओर्चा नदीचं खोरं इथे, पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट एका गावात सापडतच नाही. ती दोन गावांमधल्या वाटेवर आहे. सावकाश प्रवासाकडे आपण सवडीची चैन म्हणून पाहतो. माझं म्हणणं असं की, हा मुलूख कळायचा असेल तर त्याला दुसरा मार्गच नाही.

याचा पुरावा एका हजार वर्षांहून जुन्या यादीत आहे. इ.स. 990 च्या सुमारास कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक पोपकडून पदाचं वस्त्र स्वीकारायला रोमला गेले. परतीच्या वाटेवरच्या मुक्कामांची त्यांची यादी टिकून राहिली आहे: रोमपासून इंग्लिश खाडीपर्यंत 79 मुक्काम. सान क्विरिको, तोर्रेनिएरी, सिएना, सान जिमिन्यानो ही नावं त्यात आहेत. पंढरीच्या वाटेवर पालख्यांचे मुक्काम चालीच्या हिशेबाने पडतात, तसेच हेही पडले. ‘विया फ्रांचिजेना’ नावाच्या या वाटेने गावं वाढवली. सिएनाजवळ मोठी नदी नाही. पाण्यासाठी तिथल्या लोकांनी जमिनीखाली मैलोन् मैल बोगदे खोदले. तरीही ते शहर सावकारीचं मोठं केंद्र झालं, त्यात या वाटेवरच्या वर्दळीचा वाटा मोठा होता. तिथल्या कॅथेड्रलसमोरच यात्रेकरूंसाठी सांता मारिया देल्ला स्काला हे रुग्णालय उभं राहिलं. सान जिमिन्यानोत श्रीमंत घराण्यांनी चढाओढीने 72 मनोरे बांधले, असं सांगतात. आज 14 उरले आहेत. बसमधून उतरून अर्ध्या तासात मनोरे दिसतात. इतक्या लहान गावात एवढा पैसा आला कुठून, याचं उत्तर मात्र वाटेवर चालल्यावरच उलगडतं.

गाव आणि शिवार यांचं नातं सिएनाच्या राज्यकर्त्यांनी भिंतीवरच रंगवून घेतलं. 1338-39 मध्ये आंब्रोजो लोरेंझेत्ती यांनी तिथल्या नगरभवनात, कारभारी मंडळाच्या दालनात, चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं काढली. चांगल्या कारभाराच्या चित्रात मधोमध शहराची वेस आहे. वेशीतून घोडेस्वार शिकारीला बाहेर पडताहेत, तर खालून माल लादलेली जनावरं चढ चढून येताहेत. एक शेतकरी डुक्कर हाकत शहराकडे निघालाय. काळ्या अंगावर पांढरा पट्टा असलेलं ते डुक्कर आजही सिएनाच्या परिसरात पाळलं जातं. पलीकडे मळणी चालली आहे, द्राक्षमळे आहेत, टेकड्यांमागे टेकड्या आहेत. समोरच्या भिंतीवर वाईट कारभाराची ओसाड, जळकी शेतं. कारभाराची परीक्षा शिवारात होते, हे त्या काळच्या माणसांना किती स्पष्ट कळलं होतं! 2004 मध्ये युनेस्कोने ओर्चा खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोही याच कारणासाठी: हा भूभाग सिएनाने 14व्या-15व्या शतकांत आदर्श कारभाराचा नमुना म्हणून घडवला होता. त्या चित्रासमोर तासभर उभं राहून दुसऱ्या दिवशी त्याच टेकड्यांमधून चाललं, की चित्र आणि जमीन एकमेकांना समजावून सांगतात.

आता आक्षेप. पहिला रजेचा आणि पैशाचा: आयुष्यात एकदाच युरोपला जायचं, तर जास्तीत जास्त पाहून का घेऊ नये? हा विचार स्वाभाविक आहे. पण रोज शहर बदलण्यात सामान बांधणं, प्रवास, हॉटेलची नोंदणी यांतच अर्धा दिवस जातो. त्याच दिवसांत गावं कमी केली, तर खर्च वाढतोच असं नाही. शाकाहारींना जेवणाचीही चिंता नको. इथला हाताने वळलेला जाड ‘पिची’ पास्ता लसणीच्या सॉसमध्ये मिळतो. शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि पालेभाजी यांचं ‘रिबोल्लिता’ हे दाट सूप तर मुळात गरिबांचं जेवण. ओर्चा खोऱ्यातल्या पिएन्झा गावाच्या प्रसिद्ध मेंढीच्या चीजमध्ये मात्र बहुधा प्राण्याच्या जठरातलं रेनेट असतं. कडक शाकाहारींनी विचारून घ्यावं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चार दिवस राहणारा पाहुणाही घरांची भाडी वाढवतो आणि स्थानिकांना बाहेर ढकलतो. हे खरं आहे, आणि सावकाश फिरण्याने माणूस आपोआप निर्दोष ठरत नाही. कुठे राहायचं, यावर बरंच अवलंबून आहे. या खोऱ्यातली दगडी शेतघरं मुख्यतः अर्धेलीने जमीन कसणाऱ्या कुटुंबांची. दुसऱ्या महायुद्धानंतर ती कुटुंबं कारखान्यांकडे गेली, 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले आणि कित्येक घरं ओस पडली. 1985 च्या कायद्याने शेतकऱ्याला शेतीला जोडून पाहुणे ठेवण्याची सोय दिली. शेती मुख्य आणि पाहुणचार दुय्यम, ही त्यातली अट. अशा चालत्या शेतावर राहिलं, तर आपला पैसा ऑलिव्ह आणि गहू पिकवणाऱ्याच्या हाती जातो.

तेव्हा सहल आखताना यादीतलं एक मोठं शहर वगळा आणि ते दिवस सिएना ते पिएन्झा या पट्ट्याला द्या. सान क्विरिको ते पिएन्झा हे अंतर दहाएक किलोमीटरचं आहे. एका दिवसात आरामात चालून होतं. रविवारी बस फार कमी असतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये त्या उघड्या टेकड्यांवर सावली फारशी मिळत नाही.