गिटारच्या कडेला शिंपला कसा बसवतात?

१९३३ साली मार्टिन कंपनीने गायक जीन ऑट्रीसाठी पहिली डी-४५ गिटार बनवली. तिच्या कडेला अबलोनी शिंपला चमकतो. माझ्या हाताने बनवलेल्या गिटारवर मी तेच करून पाहिलं.

शिंपला वाकत नाही, तुटतो. म्हणून आधी कडेची पट्टी चिकटवताना तिच्या शेजारी टेफ्लॉनची पट्टी ठेवायची. टेफ्लॉनला गोंद धरत नाही. वाळल्यावर ती ओढून काढली की नेमकी खाच मिळते. त्यात शिंपल्याचे छोटे तुकडे टोकाला टोक भिडवून बसवायचे आणि वरून पातळ सुपरग्लू सोडायचा. तो आपोआप फटीत उतरतो.

इथंच मी फसलो. खाचेलगतच्या लाकडाला आधी शेलॅक लावलं नव्हतं. ग्लू स्प्रूसमध्ये मुरला, डाग पडला आणि घासूनही गेला नाही. लाकडाला अनडू नसतं हो!

आणि शिंपला घासताना मास्क लावाच. ती धूळ फुप्फुसांना वाईट.