बांधाचा वाद फेसबुकच्या ‘भिंती’वर नेण्याआधी

पिरंगुटहून पौडकडे जाताना लागणाऱ्या कासार आंबोलीसारख्या गावांत शेतांच्या बांधालगत आता बंगले आणि गृहसंकुले उभी राहिली आहेत. हद्द, वहिवाटीचा रस्ता, सांडपाणी यांवरून होणारे तंटे पूर्वी चावडीवर मांडले जात. आता ते छायाचित्रांसह फेसबुक, व्हॉट्सअॅपवर झळकतात. मात्र, शेजाऱ्याला ‘जमीन लाटणारा’ ठरवणारी एक ओळही लिहिणाऱ्याला न्यायालयाची पायरी चढायला लावू शकते.

पनवेलच्या फार्महाउसशेजारील भूखंडधारकाने समाजमाध्यमांवर केलेल्या आरोपांविरुद्ध अभिनेता सलमान खान यांनी २०२२ मध्ये मुंबईच्या दिवाणी न्यायालयात बदनामीचा दावा दाखल केला. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाने अंतरिम मनाई हुकूम नाकारला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. शेजाऱ्याने सादर केलेली कागदपत्रे दिवाणी न्यायालयात महत्त्वाची ठरली. हाताशी पुरावा नसणाऱ्याची अवस्था काय होईल, याची कल्पना यावरून येते.

कायदा काय सांगतो?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड विधानाची कलमे ४९९ व ५००) बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फौजदारी बदनामीची तरतूद वैध ठरवली आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. त्याची मुदत एक वर्षाची.

‘खरे तेच लिहिले’ हा बचाव दिवाणी दाव्यात चालतो; फौजदारी खटल्यात मात्र ते सार्वजनिक हितासाठी होते, हेही दाखवावे लागते. नाव न लिहिता रोख ओळखू येत असेल, तरी बदनामी होते. मजकूर नंतर काढून टाकला, तरी कोणीतरी टिपलेला स्क्रीनशॉट उरतो. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ग्रुप अॅडमिन असल्याने कोणी दोषी ठरत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. लिहिणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे सुटत नाही.

मग दाद कोठे मागावी?

अधिकार असलेल्या यंत्रणेकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार कायद्याने बदनामीतून वगळली आहे. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी, अडवलेल्या रस्त्यासाठी तहसीलदार, सोसायटीच्या तक्रारीसाठी सहकार खात्याचे उपनिबंधक, हे मार्ग खुले आहेत. त्यांना वेळ लागतो, हे खरे. पण बांधाचा निकाल मोजणीच्या नकाशावरच लागतो, ‘लाइक’च्या संख्येवर नव्हे.