रस्ता बरोबर घेऊन चालणारी गाडी

बर्फावर गाडी कशी चालवावी हा विषय जळगावात, आणि तोही पारा ४५ अंशांना टेकू पाहत असताना, वक्त्याने काढावा याचे आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. हसण्यास माझी हरकत नाही. मात्र ज्याने आषाढात तापीकाठच्या काळ्या रानात बैलगाडी रुतलेली पाहिली आहे, त्याला हा विषय निम्मा अगोदरच ठाऊक आहे, एवढे सांगून मी प्रारंभ करतो.

विषय निघाला तो माझ्या नातवामुळे. मुलगी आणि जावई कॅनडात असतात. नातवापाशी रेडिओने चालणारा ट्रक आहे. खऱ्या ट्रकच्या दहाव्या हिश्श्याएवढा, हातातल्या पेटीवरून वळवावा तसा वळणारा. पहिला बर्फ पडला, पोराने ट्रक अंगणात सोडला, आणि चार हात जाऊन तो रुतला. फोनवर मला विचारू लागला, "आजोबा, आता काय करू?" मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेला मनुष्य, पण सल्ला दिला तो अगदी अडाण्यासारखा. म्हणालो, "जोर वाढव." त्याने वाढवला. दोन मिनिटांत मोटर जळाली. पोर रडले नाही, पण "तुम्ही सांगितलंत म्हणून केलं" एवढेच म्हणाले, आणि ते मला रडण्याहून अधिक लागले.

माझे चुकले कोठे, ते पाहू. असा ट्रक वजनाला साधारण ३ किलो भरतो. कठीण जमिनीवर त्याच्या एकेका चाकाचा जेमतेम ६ चौरस सेंटिमीटर भाग भुईला टेकतो, म्हणजे चारी चाकांचा मिळून २४. तेव्हा दर चौरस सेंटिमीटरवर १२५ ग्रॅम भार आला. फरशीला हा भार काहीच नव्हे. परंतु ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे बहुतांशी हवाच; एक लिटरचे माप भरून घेतले तर वजन ५० ते १०० ग्रॅम. तो या भाराखाली दबतो. चाक खाली जाते, आणि शेवटी गाडीचे पोट बर्फावर टेकते. मग वजन पोटावर आणि चाके मोकळी! अशा वेळी जोर वाढवला म्हणजे चाक पुढे जात नाही, आपल्याच खालचा खड्डा खणते. दुखणे शक्तीचे नव्हते, भाराचे होते.

हे आपल्या गाडीवानाला पुस्तकावाचून कळते. गाडी रुतली की तो बैलांना झोडपत बसत नाही. निदान शहाणा असेल तर बसत नाही. खाली उतरतो, बांधावरच्या पऱ्हाट्या आणतो आणि चाकापुढे अंथरतो. लोखंडी धावेचा दोन बोटे रुंदीचा भार मग हातभर रुंदीवर पसरतो आणि गाडी निघते. अडचण एवढीच, की चार पावलांनी पऱ्हाट्या मागे राहतात. त्या उचलून पुन्हा पुढे टाकणारा एखादा गडी सतत बरोबर असता तर? तो गडी म्हणजेच पट्टा. रणगाड्याचा असो की खेळण्यातल्या ट्रकचा, पट्टा म्हणजे गाडीने आपल्याच चाकांखाली अंथरलेला, मागून उचललेला आणि वरून पुढे आणून पुन्हा अंथरलेला रस्ता होय.

नातवाच्या ट्रकला बसवायचे पट्टे बाजारात तयार मिळतात. चाक काढायचे आणि त्याच्या जागी त्रिकोणी सांगाडा बसवायचा. त्रिकोणाच्या शेंड्याला दातेरी चाक असते, ते आसावर बसते. तळाशी लहान चाके असतात, आणि सर्वांभोवती आडव्या उंचवट्यांचा रबरी पट्टा. अशा एका पट्ट्याचा १४ सेंटिमीटर लांब व ६ रुंद भाग टेकतो असे धरा. चौघांचे मिळून ३३६ चौरस सेंटिमीटर झाले. पट्ट्यांमुळे ट्रकचे वजन ४ किलोवर गेले तरी भार दर चौरस सेंटिमीटरला १२ ग्रॅम, म्हणजे पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याइतका.

बसवताना एक गोष्ट हमखास विसरते. आस फिरला की दातेरी चाकाबरोबर सगळा सांगाडाच गरगर फिरू पाहतो. म्हणून त्याला एका दांडीने ट्रकच्या अंगाशी अडकवावे लागते. मात्र उंचसखल जागी तो पुढेमागे थोडा झुलेल इतकी मोकळीक ठेवून.

आणि हे सारे फुकट मिळत नाही. रबर प्रत्येक फेऱ्यात वाकवण्यात जोर खर्ची पडतो, आणि तो मोटरच्या माथी बसतो. दातेरी चाक मूळ चाकाहून लहान असल्याने वेग आपोआप उतरतो आणि ओढ वाढते, हे बरेच. तथापि तेवढ्यावर भागत नाही. मोटरच्या आसावरचे दातेरी चाक २० दातांचे असेल तर १४–१५ दातांचे घालावे, म्हणजे मोटर धापा टाकणार नाही. वळताना लांबट पट्टा जमिनीवर आडवा घासतो, म्हणून पुढची चाके वळवणारी छोटी मोटरही दणकट हवी. पाच-दहा मिनिटांनी मोटरला बोट लावून पाहावे. चटका बसला की थांबावे. थंडीत बॅटरी लवकर दमते, म्हणून ती लावीपर्यंत खिशात उबेला ठेवावी, आणि लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज तर मुळीच करू नये. उडालेला बर्फ मोटरच्या उबेने वितळून पाणी होतो, तेव्हा विजेचे भाग पाण्यापासून राखलेले असावेत. घरी आणल्यावर ट्रक पुसून वाळवावा आणि बेअरिंगांना तेलाचा थेंब द्यावा.

ही पोरखेळाची गोष्ट नव्हे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे साडेअकरा हजार फुटांवरील झोजी ला खिंडीत आपल्या सैन्याचे स्टुअर्ट रणगाडे चढले ते पट्ट्यांवरच. एव्हरेस्टवीर हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तो शेतात नांगर ओढणारे साधे फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन! त्यांच्या चाकांभोवती रबरी पट्टे चढवले होते. नातवाने ट्रकला केले तेच. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ साली गोव्याहून निघाली. तेथील आपल्या मैत्री या ठाण्याचे सामानसुमान बर्फावरून ओढून न्यायलाही पट्ट्यांच्याच गाड्या लागतात.

गेल्या आषाढात नातू इकडे आला, तो ट्रक पट्ट्यांसकट घेऊन. मला वाटले, बर्फावर चालतो तर आमच्या काळ्या मातीत का नाही? बांधाला लागून सोडला. सुरुवातीला रुतला नाही. पोर मोठ्या ऐटीत माझ्याकडे पाहू लागले. पण बर्फ दबतो आणि झडून जातो. आपली भिजलेली काळी माती फुगते आणि चिकटते. वीसेक पावलांत पट्ट्यांचे उंचवटे लिंपून गुळगुळीत झाले, दातेरी चाकात चिखल बसला, आणि पट्टा जागच्या जागी आवळला. पोराने पेटीवरचे बोट ताबडतोब काढले. या खेपेला त्याने माझ्या सल्ल्याची वाट पाहिली नाही. आम्ही दोघे पायांतल्या चपला हातात घेऊन चिखलात उतरलो आणि पऱ्हाटीच्या काडीने दात न् दात कोरून काढला.