नळी पोलादाची, मूठ नायलॉनची

१६३२ साली परंड्याच्या भुईकोटातून एक तोफ विजापूरला हलवली गेली. आदिलशाही दरबारातल्या मुरार जगदेवाने ती नेली. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर सुमारे १६० किलोमीटर भरतं, आणि तोफेचं वजन ५५ टनांच्या आसपास. तिचं नाव मुलूखमैदान. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ओतणारा महंमद बिन हसन रूमी, आणि निजामशाहीकडून ती धाराशिव जिल्ह्यातल्या या किल्ल्यावर येऊन बसली होती. लांबी साडेचार मीटरच्या जवळ, तोंडाचा आतला व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. भोवतीच्या धातूच्या भिंतीची जाडी जवळपास ४० सेंटिमीटर.

ही जाडी लक्षात ठेवावी, कारण पोलादी पिस्तूल श्रेष्ठ की प्लास्टिकच्या सांगाड्याचं, या वादाचं उत्तर तिच्यापासून सुरू होतं. हौशी मंडळी हा वाद चवीने घालतात. एक बाजू म्हणते, हत्यार म्हणजे पोलाद, बाकी सगळी खेळणी. दुसरी म्हणते, पोलाद हे आजोबांचं ओझं. दोन्ही बाजू एक साधा प्रश्न विचारायला विसरतात: बार उडतो तेव्हा जोर नेमका कुठे बसतो?

मुलूखमैदानच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. जोर सगळीकडे बसतो. तोफ म्हणजे एक तोंड बंद असलेली नळी. दाब सोसणारी तीच, वजनाने धक्का गिळणारीही तीच आणि जमिनीला टेकणारीही तीच. तिचा धातू घंटेच्या काशाच्या जातीचा आहे: सुमारे ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. तोफांसाठी साधारणपणे कथील यापेक्षा बरंच कमी, दहा टक्क्यांच्या आसपास ठेवत. कथील वाढलं की धातू कडक होतो, कमी तापमानाला वितळतो, साच्यात नीट उतरतो. पण ठिसूळही होतो. लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात आणि एवढ्या उष्णतेत पन्नास टनांचा रस तयार करणं त्या काळी कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. काशाचं काम हजार अंशांच्या आतबाहेर भागतं. ठिसूळपणाची भरपाई रूमीने जाडीने केली.

ही तोफ भर उन्हात गार लागते, असं विजापूरला ऐकवतात. त्यात चमत्कार नाही. एवढ्या मोठ्या धातूच्या गोळ्याला तापायला फार वेळ लागतो. रात्रीचा गारवा सकाळी उशिरापर्यंत अंगात मुरलेला असतो. मे महिन्यात दुपारी तीनला हात लावून पाहणाऱ्याचं मत वेगळं पडेल. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव केला तेव्हा बोली १५० रुपयांवर थांबली होती. नशीब एवढंच की तो सौदा पुढे रद्द झाला, नाहीतर तिची भांडी झाली असती.

जाडीला एक मर्यादा असते, हे मात्र तोफ ओतणाऱ्यांना अनुभवाने कळत गेलं. आतल्या दाबाने नळी फाटायला निघते तेव्हा सर्वांत जास्त ताण अगदी आतल्या थरावर येतो. बाहेरच्या थरांपर्यंत तो पोचेपर्यंत क्षीण होतो. म्हणजे भिंत दुप्पट जाड केली म्हणून ताकद दुप्पट होत नाही. दख्खनच्या लोहारांनी यावर दुसरा उपाय वापरला: घडीव लोखंडाच्या पट्ट्यांची नळी करून तिच्यावर तापवलेली कडी चढवायची. कडं गार होताना आवळतं आणि नळीला बाहेरून आधीच दाबून धरतं. कितीतरी शतकांनी युरोपातल्या तोफकारखान्यांनी हेच तत्त्व गणित मांडून वापरलं.

पिस्तुलात हे सगळं हाताच्या पंजात मावायला लागलं, ते मिश्र पोलादामुळे. ९ मिलिमीटरचं काडतूस उडतं तेव्हा आतला दाब २,३५० बारपर्यंत जाऊ शकतो, मोटारीच्या चाकात असतो त्याच्या हजारपट. हा दाब एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकतो, पण तेवढ्यात काडतुसाच्या बुडावर मागच्या दिशेने सुमारे १४ हजार न्यूटन, म्हणजे जवळजवळ दीड टन वजनाइतका रेटा बसतो. भोवती पोलादाची भिंत असते जेमतेम काही मिलिमीटर. गावठी कट्टा चालवणाऱ्याच्या हातातच फुटतो, त्याचं कारण इथेच आहे. भंगारातल्या पाइपाचं लोखंड यासाठी बनलेलं नसतं. त्यावर योग्य उष्णतासंस्कार नसतो, जोडाची शिवण असते, आणि दाब तीच शिवण शोधतो.

आता दीड टनाचा हा रेटा जातो कुठे, ते पाहू. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचं जे उत्तर काढलं, त्यावर आजची बहुतेक लष्करी पिस्तुलं चालतात. नळी आणि वरची सरकती स्लाइड एकमेकींत अडकलेल्या असतात. गोळी सुटते तेव्हा दोघी मिळून थोड्या मागे येतात, गोळी बाहेर पडून दाब ओसरला की नळीची मागची बाजू खाली झुकते, स्लाइड सुटी होते, रिकामं काडतूस फेकते आणि परत येताना नवं भरते. म्हणजे सगळा प्रचंड जोर नळी आणि स्लाइड यांच्या आपसातल्या मिठीत जिरतो. खालच्या सांगाड्यापर्यंत, जिथे मूठ, चाप आणि मॅगझिन असतं, तो पोचतच नाही. सांगाड्याला सोसावा लागतो तो नंतरचा धक्का: मागे आलेल्या स्लाइडचा, स्प्रिंगने सौम्य केलेला, कित्येक पट जास्त वेळात पसरलेला.

मग १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलात सांगाडा पोलादाचा का होता? दुसरं काही नव्हतंच म्हणून. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला, त्याचं अपुरं काम बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह यांनी पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये हे पिस्तूल आलं. त्याच वर्षी अमेरिकेत ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन तयार केलं. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन वस्तूंची गाठ पडायला आणखी पस्तीस वर्षं जावी लागली.

आपल्याकडे हाय-पॉवरचीच आवृत्ती पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात ‘९ मिलिमीटर १ए’ या नावाने बनते. सैन्यातले अधिकारी पिढ्यान्‌पिढ्या हेच वागवत आले. त्याआधीचा काळ रिव्हॉल्व्हरचा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईतली पहिली लढाई धाराशिव जिल्ह्यात झाली. त्या वेळच्या इंग्रजी वळणाच्या फौजांमध्ये अधिकाऱ्याच्या कमरेला असे ते एनफील्ड किंवा वेब्लीचं पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हर, नखशिखांत पोलाद.

पोलादाचा वैरी गंज. जुन्या पिस्तुलांचा तो सुंदर निळसर-काळा रंग म्हणजेसुद्धा एक प्रकारचा गंजच, माणसाने मुद्दाम चढवलेला: लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा पातळ थर. तेल लावत राहिलं तर तो तांबड्या गंजाला थोपवतो. पण उन्हाळ्यात कमरेचा घाम दिवसभर लागला की त्यातलं मीठ हा थर भेदतं. चामड्याच्या म्यानात ओल धरून राहिलेलं पिस्तूल पावसाळ्यात किती लवकर ठिपके धरतं, हे शस्त्रागार सांभाळणाऱ्या कुठल्याही हवालदाराला विचारावं.

नायलॉन गंजत नाही. पिस्तुलात वापरतात ते पॉलिमर बहुधा याच कुळातलं, त्यात काचेचे बारीक तंतू मिसळलेले. पोलादाची घनता ७.८, याची १.४ च्या आसपास. ताठपणात मात्र दोघांची तुलनाच नाही. पोलाद वीसपट पुढे. म्हणून पॉलिमरचे भाग जाड असतात, आतून बरगड्या काढलेल्या असतात. बंद जीपमध्ये मे महिन्यात ठेवलं तर मऊ पडेल का, ही शंका मात्र बिनबुडाची आहे. नुसतं नायलॉन साठेक अंशांपासून थोडं ढिलं व्हायला लागतं हे खरं. काचेचे तंतू त्याला दोनशेच्या पलीकडेही आकार सोडू देत नाहीत. उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवायला त्यात काजळी घालतात. ही पिस्तुलं बहुतेक काळीच का, याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

पॉलिमर सांगाड्याचं पहिलं पिस्तूल जर्मनीच्या हेकलर अँड कोखने १९७० मध्ये आणलं, ‘व्हीपी ७०’. ते फारसं चाललं नाही. खरी उलथापालथ केली गॅस्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन कारखानदाराने. पडद्याच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवणाऱ्या या माणसाने पिस्तूल कधी बनवलं नव्हतं, पण प्लास्टिक साच्यात ओतायचं कसं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १९८२ मध्ये त्याचं ‘ग्लॉक १७’ ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलं. भाग अवघे ३४, मॅगझिनशिवाय वजन सुमारे ६२५ ग्रॅम. सांगाड्यात स्लाइड जिथे सरकते तिथे पोलादाचे चार छोटे तुकडे बसवलेले. नळी आणि स्लाइड पूर्ण पोलादी, पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक केलेली. वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर ‘प्लास्टिकचं’ म्हणवलं जाणारं हे पिस्तूल ८० टक्क्यांहून जास्त पोलादच आहे. तरी अमेरिकेत आवई उठली की हे विमानतळाच्या यंत्राला दिसणार नाही. १९८८ मध्ये तिथे कायदाही झाला. यंत्राला ते नीट दिसत होतं. घाबरलेल्यांनी पिस्तूल उघडून पाहिलं नव्हतं, एवढंच.

हलकेपणाची किंमत मोजावी लागते, ती धक्क्याच्या रूपाने. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने गेली तर संवेग झाला २.८८, आणि तेवढाच उलट दिशेने पिस्तुलाला मिळतो. भरलेलं हाय-पॉवर सुमारे १.१ किलो, भरलेलं ग्लॉक ०.९ किलो. दारूच्या वायूंचा वाटा सोडून हिशेब केला तर हाताला येणारी ऊर्जा पहिल्यात ३.८ ज्यूल, दुसऱ्यात ४.६. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ग्लॉकच्या १७ काडतुसांचं वजनच दोनशे ग्रॅम होतं, म्हणजे पिस्तूल रिकामं होत जातं तसं ते पाचव्या हिश्श्याने हलकं होतं आणि शेवटच्या गोळीचा धक्का ५.८ ज्यूलपर्यंत चढतो. हाय-पॉवर १३ गोळ्यांनंतरही साडेचारच्या आतच राहतं. ग्लॉकची बाजू घेणारे म्हणतील की पॉलिमर किंचित लवतं आणि धक्का पसरवतं. ते खरं आहे, आणि नळी हाताच्या जवळ असल्यामुळे तोंड वर कमी उसळतं हेही खरं. पण संवेगाच्या नियमातून सुटका नायलॉनलाही नाही.

म्हणून नेमबाजीच्या मैदानावर चित्र उलटं दिसतं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारात पिस्तूल १,४०० ग्रॅमपर्यंत चालतं. नेमबाज या मर्यादेखाली वजन हवं तिथे वाढवतात, कारण जड हत्यार हाताच्या बारीक थरथरीला दाद देत नाही. मूठ लाकडाची, तळव्याच्या मापाने कोरलेली. त्यांना पिस्तूल दिवसभर कमरेला लटकवायचं नसतं.

सैन्यांनी मात्र कौल दिला आहे. अमेरिकी सैन्याने १९११ चं पोलादी पिस्तूल १९८५ मध्ये बदलून ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं बेरेटा घेतलं, २०१७ मध्ये तेही सोडून पॉलिमरचं सिग. आपल्या एनएसजी या कमांडो दलाकडे ग्लॉक आहेत. माझ्या मते यात वजनापेक्षा पैशाचा वाटा मोठा आहे. पोलादी सांगाडा म्हणजे घडीव ठोकळ्यावर एकामागून एक कितीतरी कापकामं, आणि निम्म्याहून अधिक धातूचा कीस. पॉलिमरचा साचा महाग, पण एकदा बसला की मिनिटाभराच्या आसपास एक सांगाडा बाहेर पडतो. ज्याला लाखो नग हवेत तो दुसरं काही निवडणार नाही.

आपल्याकडे तिसरे मार्गही शोधले जात आहेत. कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये टायटॅनियम मिश्रधातूचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणलं, वजन सुमारे ५०० ग्रॅम. किंमत सव्वा लाखाच्या घरात गेल्याने त्यावर टीकाही झाली. पुण्याच्या पाषाणमधल्या डीआरडीओच्या एआरडीई प्रयोगशाळेने महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर चार महिन्यांत ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल तयार केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं. त्याचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, चापाचे काही भाग धातूच्या त्रिमिती छपाईतून आलेले. उत्पादनखर्च नगाला पन्नास हजारांच्या आत राहील असा अंदाज तेव्हा दिला गेला. २०२४ मध्ये सैन्याच्या उत्तर विभागाने अशी ५५० हत्यारं घेतली.

तेव्हा वाद घालणाऱ्यांसाठी माझा निवाडा असा. हत्यार बारा तास कमरेला वागवायचं असेल, घामात आणि पावसात, तर पॉलिमर घ्यावं. एका जागी उभं राहून एकच बिंदू साधायचा असेल तर पोलादाचं वजन उपयोगी पडतं. आणि नळीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. ती दोन्हीकडे पोलादाचीच आहे.