हौशी रेडिओ केंद्रातील व्यत्ययाचा शोध : एक पद्धतशीर मांडणी

प्रस्तावना :
डिसेंबर २००४ मधील त्सुनामीत अंदमान-निकोबार बेटांवरील नेहमीची दळणवळण व्यवस्था कोलमडली, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी मुख्य भूमीशी संपर्क राखला. अशा प्रसंगी येणारा संदेश बहुधा क्षीण असतो. लघुलहरींवर एस-९ हे मान ५० मायक्रोव्होल्ट मानले जाते व प्रत्येक एस-अंश ६ डेसिबलचा असतो. त्यामुळे स्थानिक गोंगाट एस-७ (सुमारे १२ मायक्रोव्होल्ट) असल्यास एस-३ चा (सुमारे ०.८ मायक्रोव्होल्ट) संदेश त्यात पूर्णतः बुडतो. स्वतःच्या प्रेषकाची शक्ती वाढवून ही उणीव भरून निघत नाही. व्यत्ययाचा उगमच शोधावा लागतो.

उगमाची ओळख :
चार्जर, एलईडी दिवे, सौर इन्व्हर्टर यांतील जलद स्विचिंगमुळे ठरावीक अंतराने गोंगाटाचे उंचवटे आढळतात. वीजवाहिनीवरील सैल जोड वा सदोष इन्सुलेटर यांतील ठिणग्यांमुळे मात्र १०० हर्ट्झची खरखर विस्तृत पट्ट्यात ऐकू येते. कारण ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात दाब दोनदा शिखर गाठतो.

शोधपद्धती :
१) रिसीव्हर बॅटरीवर चालवून घराचा मुख्य स्विच बंद करावा. घरातील इन्व्हर्टर व यूपीएस त्यानंतरही चालूच राहतात. तेही बंद केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.
२) गोंगाट थांबल्यास एकेक एमसीबी चालू करून दोषी मंडल व त्यातील उपकरण निश्चित करावे.
३) गोंगाट कायम राहिल्यास लहान वेटोळे अँटेना घेऊन बाहेर शोध घ्यावा. संकेत किमान होतो ती दिशा कमाल दिशेपेक्षा अधिक नेमकी असते. ही रेषा दोन्ही बाजूंना लागू असल्याने किमान दोन ठिकाणांहून दिशा घेऊन छेदनबिंदू काढावा. तारांवरून गोंगाट दूरवर वाहत असल्याने उगमाजवळ अधिक कंप्रतेवर ऐकणे हितावह ठरते.

उपाय :
उपकरणाच्या तारेची अनेक वळणे योग्य फेराइट कड्यातून घ्यावीत. वळणे दुप्पट केल्यास संरोध साधारणतः चौपट होतो. सदोष उपकरण बदलणे अनेकदा अधिक सोपे असते. खांबाला हात न लावता त्याचा क्रमांक वीज कंपनीस कळवावा. उगम शेजाऱ्याच्या घरी असल्यास तक्रारीपूर्वी त्यांना रिसीव्हरवर गोंगाट ऐकवावा. सहकार्याशिवाय पुढील तपासणी अशक्य असते.

निष्कर्ष :
एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची नोंद हे या शोधाचे सूत्र आहे. अल्प खर्चातील हा उपक्रम पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रायोगिक शिस्त शिकवतो आणि आपत्तीपूर्वीच केंद्र सज्ज ठेवतो.