सव्वा महिना संपायच्या आत

गेल्या पावसाळ्यात एक आजी पाच महिन्यांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. बाळ दिव्याकडे बघत नव्हते आणि बाहुलीत पांढरे दिसत होते. "मोतीबिंदू असंल तर काढून टाका, डाक्टरसाहेब," आजी म्हणाल्या. मोतीबिंदू नव्हता. बाळ सातव्या महिन्यात जन्मलेले, वजन १४०० ग्रॅम, तीन आठवडे काचेच्या पेटीत होते. दोन्ही डोळ्यांचे दृष्टिपटल सुटून भिंगामागे गोळा झाले होते. डिस्चार्ज कार्डावर 'तीस दिवसांच्या आत डोळे तपासून घेणे' असे लिहिले होते. मी कार्ड दाखवले, तर आजी म्हणाल्या, "बाळंतीण सव्वा महिना उंबरा कसा ओलांडणार?"

या विकाराला आर.ओ.पी. म्हणतात. गर्भाच्या डोळ्यात रक्तवाहिन्या चौथ्या महिन्याच्या सुमारास मागच्या नसेपासून फुटू लागतात. दृष्टिपटलाच्या कडेपर्यंत पोचायला त्यांना पुरे दिवस लागतात. त्यांना वाट दाखवते ती प्राणवायूची उणीव. पेशीत 'हिफ' नावाचे प्रथिन असते. प्राणवायू मुबलक असला की ते लगेच मोडले जाते. कमी पडला की टिकून राहते आणि 'व्हीईजीएफ' हे दुसरे प्रथिन तयार करायला लावते. व्हीईजीएफ म्हणजे 'इकडे रक्त आणा' अशी हाकच समजा. हाक येईल तिकडे वाहिन्या वाढतात.

बाळ लवकर जन्मले की साध्या हवेतही त्याला गर्भातल्यापेक्षा जास्त प्राणवायू मिळतो, नळी लावल्यावर आणखी जास्त. हाक बंद पडते, वाहिन्यांची वाढ थांबते. वाढीला लागणारे 'आयजीएफ-१' हे द्रव्यही जन्मानंतर एकदम घटते. पुढे काही आठवड्यांत दृष्टिपटल वाढते, त्याची भूक वाढते, पण कडेला रक्तच नाही. आता हाक नव्हे, आरडाओरडा सुरू होतो. तोवर आयजीएफ-१ही भरून येऊ लागते. मग नाजूक वाहिन्या भलतीकडे, डोळ्याच्या पोकळीत जाळे करतात. ते जाळे आकसले की दृष्टिपटल ओढून सोडवते. म्हणून जन्मल्या दिवशी तपासून काही कळत नाही आणि दोन महिन्यांनी तपासले तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

वाचक म्हणतील, मग ऑक्सिजनच देऊ नका! हेही करून झाले आहे. १९४२ साली बोस्टनच्या डॉ. टेरी यांनी हा विकार प्रथम वर्णिला, १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवले. पुढे ऑक्सिजनला कात्री लागली. आंधळेपण घटले, पण बाळे दगावू लागली. त्यामुळे आता तो मोजून देतात. रक्तातले प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्के राखतात.

वेळेत सापडले तर लेसरने ती भुकेली कड निकामी करतात, म्हणजे ओरडणारेच गप्प होतात. किंवा व्हीईजीएफला अडवणारे इंजेक्शन डोळ्यात देतात. इंजेक्शननंतर विकार पुन्हा उलटू शकतो, तेव्हा तारखा चुकवू नयेत.

३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासावेत. २८ आठवड्यांच्या आतले किंवा १२०० ग्रॅमच्या खालचे असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. एकदा दाखवून भागत नाही. वाहिन्या कडेला पोचेपर्यंत सांगितलेल्या तारखेला यावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा विकार समाविष्ट आहे, खर्चाची धास्ती वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

सव्वा महिन्याच्या विश्रांतीशी माझे भांडण नाही, बाळंतिणीला ती हवीच. पण तेवढा एक दिवस आईला गाडीत बसवून आणा. अगदीच जमत नसेल तर आजीने, मावशीने बाळाला आणावे. तपासणीआधी तासभर बाळाला पाजू नका, नाहीतर उलटी होते. थेंब घातल्यावर ते रडेल, घाबरू नका. तपासणी झाली की लगेच पदराखाली घ्यावे.